नाटकाला या, पाणी पिऊन या

(दिवाळीच्या तोंडावर आमच्या गटानं सामुदायिक रेडिओवर केलेलं हे बोलणं. छापण्यापुरतं थोडं नीट करून घेतलं आहे.)



हलकं धान कापून झालं. भारी धान अजून बांधीत उभं आहे. हे दिवस आले की आमच्या गावात कुणीही कुणाला भेटलं तरी दोनच गोष्टी विचारतं. पहिली, "कापणी कुठवर आली?" आणि दुसरी, "यंदा नाटक कोणतं?"

आम्ही झाडीपट्टीतल्या बाया. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जो जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. इथं नाटकाचा हंगाम असतो, जसा धानाचा असतो. शहरात नाट्यगृह बांधलेलं असतं आणि माणसं तिकडं जातात. आमच्याकडं नाटकच गावात येतं, आणि ज्या बांधीत आम्ही पावसाळ्यात चिखलात वाकून रोवणी केली, त्याच बांधीत बसून आम्ही ते पाहतो.

यंदाच्या हंगामाचं आमंत्रण द्यायला आज आम्ही बोलतो आहोत. पण नुसतं "या, या" म्हणून भागत नाही. पाहुण्याला बोलवायचं तर त्याच्या बसण्या-उठण्याची सोयही पाहावी लागते. म्हणून हे नाटक गावात कसं येतं, त्यात पैसा कसा फिरतो आणि बायांना त्यात जागा कशी करून घेता येते, हे सगळं सांगणार आहोत.

हंगाम धानाच्या मागून येतो

भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. आसपासच्या गावांनी तारखा वाटून घेतलेल्या असतात. आज एका गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा बाजार भरतो, शिंगाडे येतात, ऊस येतो, बांगड्यांची दुकानं लागतात. दंडार होते. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाच-गाण्याचा आणि सोंगाचा जुना खेळ. आणि रात्री नाटक. पुढं थंडीत शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्रीही नाटक ठरलेलंच. हे होळीच्या आसपासपर्यंत चालतं. मधे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं शर्यती बंद झाल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. बैल थांबले होते तेव्हाही नाटक थांबलं नाही. करोनाचं साल तेवढं वाईट गेलं. त्या साली आमच्या बांधीत मांडव पडला नाही.

हाच काळ का, तर हिशेब सोपा आहे. धान घरात आलेलं असतं, हातात दोन पैसे असतात, पाऊस गेलेला असतो आणि बांध्या रिकाम्या झालेल्या असतात. लेकी माहेरी येतात. सोयरे येतात. ज्यांच्या घरी लग्नाची पोरं-पोरी आहेत ते मुद्दाम येतात, कारण मंडईत चार गावचे लोक एका जागी भेटतात आणि सोयरिकीचं बोलणं निघतं. आमच्या गटातल्या दोघींची लग्नं अशीच जुळली. एकीला पाहुणे पाहायला आले होते हे तिला नाटक संपल्यावर कळलं.

वडशाहून गावापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज नावाचं गाव आहे. सगळे त्याला वडसा म्हणतात. रेल्वेचं ठेसन असलेलं हे गाव झाडीच्या नाटकांचं मोठं ठिकाण आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत. दिवाळीच्या आधीपासून गावोगावच्या मंडळांची पोरं तिथं जातात, कोणत्या कंपनीचं नाटक घ्यायचं ते ठरवतात, कोण नट आहे, कोण नटी आहे ते विचारतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. बाकीची रक्कम प्रयोगाच्या दिवशी द्यायची.

ठरलेल्या दिवशी पडदे, दिवे, ध्वनीची यंत्रं घेऊन गाडी येते. मंच उभा राहतो, भोवती कनात लागते. कलावंत संध्याकाळी पोचतात. आदल्या रात्री त्यांनी दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत काम केलेलं असतं, दिवसा जमेल तेवढी झोप घेतलेली असते. पुन्हा तोंडाला रंग लावायचा. हंगामात हे रोजचं.

कंपनीला द्यायचे पैसे मंडळानं जमवायचे असतात. तिकीट विकून ते उभे करायचे. पुढं खुर्च्या, मागं जमीन, तसा दर. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांची आणि ध्वनिवर्धकाची परवानगी, हेही मंडळाकडंच. तिकिटं खपली तर चार पैसे उरतात, आणि ते देवळाला, शाळेला, समाजमंदिराला लागतात. पाऊस आला, थंडी कडाक्याची पडली किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री गाजलेलं नाटक असलं, तर मंडळाच्या पोरांना पदरचे पैसे घालावे लागतात. म्हणजे तिकीट घेणारं प्रत्येक माणूस या हंगामाला खांदा देत असतं. त्यात बाया किती असतात? कनातीत उभं राहून एक नजर टाका, निम्म्याच्या आसपास दिसतील. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

रात्रभर काय चालतं

नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. शहरातल्या माणसाला याचं नवल वाटतं. आमच्या म्हाताऱ्या सांगतात, यात नवल कसलं? लोक पाच-सहा कोसांवरून यायचे. मध्यरात्री नाटक सुटलं तर जंगलातून अंधारात घरी जायचं कसं? वाघाचं भय तेव्हाही होतं, आजही आहे. उजाडेपर्यंत नाटक चाललं की उजेडात घर गाठता येतं.

मंचावर वरून माइक टांगलेले असतात. नट त्यांच्याखाली येऊन बोलतात, म्हणून शेवटच्या रांगेतल्या आजीलाही शब्द ऐकू येतो. वादक मंचाच्या लगत बसतात. पडद्याआड प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि वाक्यं पुरवतो, कारण एका हंगामात एकेक नट कितीतरी नाटकांतून कामं करतो. गाणी असतात, लावणी असते, आणि हसवणारं पात्र नसलं तर आमचे लोक नाटकाला नाटक म्हणत नाहीत. अशाच हसवणाऱ्या भूमिका करत आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा आमच्या गावात आपल्याच घरच्या माणसाचा मान झाल्यासारखं वाटलं.

आणि गोष्ट कशाची असते? आमच्याच घरातली असते. हुंड्यासाठी छळलेली सून, दारूनं बुडालेलं घर, कर्जानं पिचलेला शेतकरी, म्हाताऱ्या आईबापांना टाकून गेलेला मुलगा. दारूची गोष्ट मराठी नाटकाला नवी नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातली सोसणारी सिंधू बालगंधर्व करीत, म्हणजे पुरुषच. आमच्या झाडीतही पूर्वी बाईचं काम पुरुष करायचे. लुगडं नेसून, पदर सावरून, आवाज बारीक करून. आता बायांची कामं बायाच करतात. त्यातल्या कित्येक नागपूरहून किंवा आणखी लांबून येतात आणि सगळा हंगाम घराबाहेर काढतात.

त्या रात्रीची गोष्ट

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वीची.

त्या रात्री नाटक फार रंगलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा त्या बाईला घराबाहेर काढतो असा प्रसंग होता. पदर डोळ्यांना लावला नाही अशी बाई कनातीत नव्हती. पडदा पडला. आम्ही पाच-सहा जणी उठून मागं अंधारात निघालो. कशाला, ते सांगायला नको. संध्याकाळी सहानंतर आमच्यापैकी कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. नाटकाला जायचं तर पाणी पिऊ नये, हे आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं आणि आम्ही आमच्या पोरींना शिकवत होतो. पण थंडीचे दिवस, किती वेळ आवरणार?

बांधाच्या पलीकडं गेलो तर तिथं एक बाई हातात मोबाईलची बॅटरी घेऊन उभी. अंगावर शाल, चेहऱ्यावर रंग. पाहतो तर तीच, जिला आत्ता नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं ती. ती म्हणाली, "ताई, इथं जवळ कुणाच्या घरी जाता येईल का? दुपारपासून गेले नाही. तिकडं पोरं दारू पिऊन उभी आहेत."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मंचावरच्या तिच्या दुःखासाठी आम्ही तासभर रडलो होतो. आणि तिचं खरं दुःख आमचंच होतं, आणि त्याचा विचार त्या मांडवात कुणीच केला नव्हता. आम्हीही नाही. आमच्यातल्या एकीचं घर जवळ होतं. तिला तिथं नेलं. परत येताना तिनं तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या संपवलं. तिसऱ्या अंकात ती पुन्हा मंचावर आली आणि आम्हाला काही ते नाटक पहिल्यासारखं पाहता आलं नाही.

मग आम्ही काय केलं

पुढच्या दिवाळीच्या आधी गटाच्या बैठकीत हा विषय काढला. काही जणी म्हणाल्या, मंडळ पोरांचं, आपण कशाला त्यात? पण मघाशी सांगितलं ते आठवा. निम्मी तिकिटं बायांच्या नावावर खपतात. आम्ही मंडळाकडं गेलो. पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच मिळालं, "नाटकालाच एवढा खर्च, यात हे कुठं बसवायचं?" आम्ही भांडलो नाही. म्हटलं, खर्चाचं काम कमी आहे, अंगमेहनतीचं जास्त आहे. मेहनत आम्ही करतो, तुम्ही जागा आणि वायर द्या.

आम्ही केलेली कामं एकेक करून सांगतो, म्हणजे तुमच्या गावात जत्रा असो, कीर्तन असो, तमाशा असो की नाटक, तुम्हाला उपयोगी पडतील.

पहिलं, आडोसा. बांबू, जुने टिन आणि ताटव्यांनी कनातीच्या मागच्या अंगाला, पुरुषांच्या बाजूच्या उलट दिशेला बायांसाठी आडोसे केले. पाण्याचा ड्रम आणि मग ठेवले. जवळच्या तीन घरांनी आपले संडास त्या रात्रीपुरते बायांसाठी उघडे ठेवले. म्हाताऱ्या आणि गरोदर बायांना तिकडं न्यायचं ठरलं.

दुसरं, उजेड. आडोसा केला आणि वाटेवर अंधार ठेवला तर बाई जाणार नाही. कनातीपासून तिथपर्यंत बल्बांची माळ लावली. दोघी-दोघींनी आळीपाळीनं तिथं शेकोटी करून बसायचं. एका अंकाला दोघी, म्हणजे कुणाचंच सगळं नाटक बुडत नाही.

तिसरं, बसायची जागा. पुढच्या खुर्च्या महाग, त्या पाहुण्यांना आणि गावपुढाऱ्यांना जातात. बाया जमिनीवर, मागं. आम्ही मंडळाला सांगून जमिनीच्या तिकिटाची एक बाजू बायांसाठी दोरी लावून राखून घेतली, खाली तणस अंथरली. ओली बांधी रात्री अंगात भरते. तणसीवर चादर टाकली की लेकरू निजतं.

चौथं, दारू. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून दारूबंदी आहे, आणि ती मिळवायला बाया पुढं होत्या. तरी मांडवाच्या मागं बाटली येतेच. आम्ही मंडळाकडून तिकीट खिडकीवर पाटी लावून घेतली, की पिऊन आलेल्याला आत सोडणार नाही. पाटीनं सगळं थांबलं नाही. पण आता कुणी दंगा केला तर पोरं स्वतःच उठून त्याला बाहेर नेतात, कारण पाटी त्यांचीच आहे. अडचण फार वाढली तर ११२ हा क्रमांक आम्ही सगळ्यांच्या मोबाईलमध्ये भरून ठेवला आहे.

पाचवं, कमाई. कनातीच्या तोंडाशी चहा, भजी आणि गरम उसळीचं दुकान गटानं लावलं. पहाटे तीनला गरम चहाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आडोशाचा आणि बल्बांचा खर्च त्यातूनच निघाला. शिल्लक गटाच्या खात्यात गेली.

त्या साली एक गोष्ट घडली. आमच्या गल्लीतल्या एक आजी, ज्या गुडघ्यांमुळं कितीतरी वर्षं नाटकाला आल्या नव्हत्या, त्या आल्या आणि पहाटेपर्यंत बसल्या. मंडळाच्या पोरांनी आमचे आभार वगैरे मानले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांनी दिवाळीच्या आधीच निरोप पाठवला, "ताई, टिन कधी लावायचे?"

मंचावरच्या बाईचा मान

आता शेवटची गोष्ट, आणि ती बोलायला थोडी जड आहे. जी नटी मंचावर रडते तिच्यासाठी आपण रडतो. तीच लावणीला उभी राहिली की आपल्याच गावची पोरं शिट्ट्या मारतात, नको ते बोलतात. आणि आपण बाया काय करतो? नाक मुरडतो. म्हणतो, "असल्याच असतात त्या." ती कुणाची तरी माय आहे, तिची लेकरं आजीजवळ ठेवून ती आली आहे, आणि या हंगामाच्या कमाईवर तिचं घर चालणार आहे, हे आपल्याला माहीत नसतं असं नाही.

आम्ही आता एवढं करतो. कंपनी गावात आली की कलावंत बायांना भेटायला आमच्यातल्या दोघी जातात. कपडे बदलायची जागा बंद आहे का, आतून कडी आहे का ते पाहतात. आडोसा कुठं आहे ते दाखवतात, एक नंबर देतात आणि चहा देऊन येतात. एवढ्यानं आपण कुठल्या गावात आलो आहोत हे त्या बाईला कळतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये यासाठी २०१३ साली कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसं जिथं काम करतात, किंवा जिथं तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. नाटकात काम करणारी बाई हीही काम करणारी बाई आहे. तिला हा दरवाजा माहीत नसला तर आपण सांगायचा. धान रोवायला मजुरीनं जाणाऱ्या बाईलाही तोच दरवाजा आहे.

तर मैत्रिणींनो, हे आमचं आमंत्रण. सगळं सुधारलं असं आम्ही म्हणत नाही. आमच्याच गावात अजून चार घरं अशी आहेत जिथल्या सुना नाटकाला येत नाहीत. येत नाहीत म्हणजे येऊ देत नाहीत. आम्ही दरवर्षी त्यांच्या सासूबाईंना बोलवायला जातो. मागच्या वर्षी त्यातल्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या, "हिला हसताना पाहिलंच नव्हतं" म्हणाल्या.

मंडईला या. लेकींना घेऊन या, सासूला घेऊन या. येताना जाड चादर आणा, पहाटे दव पडतं. लेकरांना कानटोपी घाला. बॅटरी जवळ ठेवा. परतताना एकट्या-दुकट्या निघू नका, उजाडू द्या, मग गावच्या बायांसोबत निघा.

आणि निघण्याआधी घरून पोटभर जेवून, तांब्याभर पाणी पिऊन या. आमच्या गावच्या नाटकाला बाईनं तहानलेलं बसायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या गावच्या मंडळाकडं कधी जाताय?